डब्यातल्या काचा

इंजिनियर तेजस्वी मॅडमनी वर्गाच्या भिंतीतल्या भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवली आणि शिपाई भरमाला बजावलं, "अण्णा, ही सरकारी आहे. सांभाळा. तीन महिन्यांनी बघायला येते."

कणकुंबीच्या रस्त्यावरची ही दगडमातीची मराठी शाळा. भूकंपात टिकाव्यात म्हणून मजबूत करायच्या जुन्या शाळांच्या यादीत तिचं नाव आलं होतं. भिंत अजून सरकत असेल तर काच फुटणार, म्हणजे काम मंजूर. मॅडमनी हे मुख्याध्यापिका मंगलबाईंना सांगितलं. भरमाला सांगायचं राहून गेलं.

महिन्यानं काच तडकली. तीस वर्षांत भरमाच्या हातून शाळेतला साधा पेला फुटला नव्हता, आणि आता रिटायर व्हायला थोडे महिने उरलेले. त्यानं खानापुरातल्या फ्रेमवाल्याकडून तशीच पट्टी कापून आणली, गुपचूप चिकटवली. तीही फुटली. मग पुढचीही. पाचव्या खेपेला फ्रेमवाल्यानं विचारलं, "अण्णा, एवढा चिंचोळा फोटो कुणाचा म्हणायचा?"

"हाय एकाचा," भरमा म्हणाला.

ठरल्या दिवशी मॅडमनी अखंड काच पाहिली. "भिंत स्थिर आहे, बाई. नाव यादीतून काढते."

"अहो, अकरा पोरं बसतात हिच्याखाली," मंगलबाई म्हणाल्या.

"फुटली असती तर मला काही करता आलं असतं."

भरमानं ते ऐकलं. तो कपाटाशी गेला आणि पत्र्याचा डबा घेऊन आला. सरकारी वस्तू फुटली तरी टाकायची नसते, हे तो नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकला होता. डब्यात पाच फुटक्या पट्ट्या, प्रत्येकीला फुटल्या तारखेची चिठ्ठी.

"मी न्हाय फोडल्या, मॅडम. आपोआप फुटत्यात."

मॅडमनी तारखा ओळीनं मांडल्या, मधले दिवस मोजले. तीस दिवस, बावीस, सतरा, अकरा, पाच. त्यांनी डबा हळूच खाली ठेवला. "बाई, पोरांना आत्ताच बाहेर घ्या."

काम मंजूर झालं. शाळेला कुलूप लागलं, पोरं बसनं खानापूरच्या शाळेत जाऊ लागली. भिंतींना लोखंडी जाळी बसली, वर काँक्रीटचा पट्टा आला. जूनमध्ये दार उघडलं, तेव्हा अकरातलं एकही खानापूरहून परत आलं नाही. मंगलबाईंची बदली झाली.

मॅडमनी जाताना एक नवी काच चिकटवली होती. रिटायर झालेला भरमा रोज सकाळी रिकाम्या वर्गाच्या खिडकीतून ती बघून येतो. एकदा मंगलबाईंचा फोन आला.

"भरमाण्णा, काच कशी आहे?"

"शाबूत हाय, बाई. फुटली असती तर मॅडम तरी आल्या असत्या बघायला."