ओकेची पडताळणी

बाजारातले कोणतेही माप ठरावीक मुदतीने तपासून, त्यावर शिक्का मारून घ्यावे लागते. तसे न केल्यास माप खोटे होते आणि वापरणारा मात्र ते खरे असल्यासारखाच वागत राहतो. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून हयात घालवल्यावर या एका गोष्टीवर माझा ठाम विश्वास बसला आहे. खेदाची बाब एवढीच, की किलो, लिटर आणि मीटर तपासायला खाते आहे. शब्द तपासायला नाही.

'ओके' हाच शब्द घ्या. इंग्रजीने जगाला दिलेली ही सर्वांत आटोपशीर देणगी. नळ दुरुस्त करणारा ओके म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ 'मी निघालो' असा असतो (नळ गळतच राहतो; तो थांबेल असे कोणी म्हणालेलेच नसते). डॉक्टरांचा ओके म्हणजे टेबलावरून खाली उतरा. साहेबांचा ओके म्हणजे मी ऐकले नाही, पण आता पुरे. आमच्या घरी बायको ओके म्हणाली की विषय संपला असे समजायचे आणि त्या दिवशी आपले ताट आपणच वाढून घ्यायचे. इतक्या निरनिराळ्या जिनसा एकाच मापाने मोजल्या जातात आणि कोणाची तक्रार नाही. असा दुकानदार मला नोकरीत सापडला असता तर मी त्याच्या दुकानाला टाळे लावले असते.

आमचा मुलगा परगावी मोठ्या हुद्द्यावर आहे. तो कामात असतो. आई त्याला फोनवर सविस्तर निरोप लिहिते आणि तो न चुकता उत्तर देतो: ओके. (मुले उत्तर देत नाहीत अशी तक्रार इतर आईबापांनी खुशाल करावी, आम्हाला ती सोय नाही.) ही त्या ओकेचे बारकाईने वाचन करायची. सकाळचा ओके मायेचा, दुपारचा घाईचा, संध्याकाळचा दमलेला. "आज पुढे टिंब दिलंय," ती काळजीने म्हणायची, "कोणीतरी बोललंय त्याला ऑफिसात."

मग हिच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले. हिने लिहिले, "मंगळवारी ऑपरेशन आहे. तू आलास तर मला धीर येईल." उत्तर आले, ओके. हिने त्याच दुखऱ्या पायाने त्याच्या खोलीतल्या चादरी बदलल्या आणि त्याला उशी उंच लागते म्हणून माझी उशी तिकडे नेली. मंगळवार आला, गुडघा बदलला, मुलगा आला नाही. भूल उतरल्यावर हिने आधी दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"त्याला म्हणायचं असेल, ऑपरेशन ओके होईल," ती म्हणाली.

मला फार वाईट वाटले. परंतु वाईट वाटणे हा काही पुरावा नव्हे, म्हणून मी रीतसर पडताळणी हाती घेतली.

तराजू तपासताना आधी हलके वजन ठेवतात, मग चढत जातात. मी माझ्या फोनवरून सुरुवात केली. "आज इथे ढग आले आहेत." ओके. "तुला शाळेत मिळालेल्या ढाली भंगारात दिल्या." ओके. "मी घर सोडून जहाजावर स्वयंपाकी म्हणून रुजू होत आहे, आईला कळू देऊ नकोस." या वेळी ओकेही आला नाही, नुसता अंगठा आला. (मुलाला चार अक्षरे लिहितावाचता यावीत म्हणून आम्ही दोघांनी जिवाचे रान केले होते. शेवटी तो अंगठ्यावर आला.) मग मी सर्वांत जड वजन ठेवले: "तुझी खोली भाड्याने देत आहोत." ओके.

तराजूत काहीही टाकले तरी काटा जागचा हलत नसेल, तर त्यास तराजू म्हणू नये, असे आमचे खाते मानते. हा निष्कर्ष मी हिला वाचून दाखवला. मला वाटले, ही रडेल. ती काठी टेकत उठली.

"लेखी परवानगी आहे ना त्याची?" ती म्हणाली. "मग देऊन टाकू."

खोलीत एक नर्सबाई राहायला आल्या. त्यांना रात्रपाळी असते, दिवसा झोपतात. रोज सकाळी आल्या की त्या हिला विचारतात, "गुडघा काय म्हणतोय?" आणि उत्तर संपेपर्यंत चप्पल न काढता दारातच उभ्या राहतात. उत्तर बरेच लांब असते.

यानंतर मुलाचाच निरोप आला. "शनिवारी येतोय. चार दिवस राहीन. माझी खोली तयार ठेव." ही तेव्हा गुडघ्याचा व्यायाम करत होती. तिने फोन उचलला, एका बोटाने काहीतरी टाइप केले आणि पुन्हा पाय हलवायला लागली. मी डोकावून पाहिले. ओके.

शनिवारी दुपारी मुलगा बॅगा घेऊन आला. हिने दार उघडले आणि ओठांवर बोट ठेवले. "हळू बोल. त्या झोपल्यात."

"कोण झोपलंय? माझ्या खोलीत?" तो कुजबुजला. "अगं, तू ओके म्हणालीस ना?"

"म्हणाले की," ही म्हणाली. "तूही म्हणाला होतास."

तो सोफ्यावर बसला आणि फोन काढून जुने निरोप वाचू लागला. बहुधा पहिल्यांदाच. मध्ये एकदा त्याने मान वर केली. "बाबा, जहाजाचं काय झालं?"

"मला पोहता येत नाही हे वेळेवर लक्षात आलं," मी म्हणालो.

तो पुन्हा वाचू लागला. मंगळवारपाशी आला तेव्हा त्याचा अंगठा थांबला, हे मी निरीक्षक या नात्याने पाहिले. मग तो उठून स्वयंपाकघरात गेला. ही ओट्याशी काठीच्या आधाराने उभी होती.

"आई, गुडघा कसा आहे गं?"

"ओके," ही म्हणाली आणि त्याच्या हातात चहाचा कप दिला.

कप तसाच धरून तो उरलेल्या उत्तराची वाट पाहत तिथेच उभा राहिला. हिच्या त्या ओकेत नेमके काय भरले होते, ते मोजायला माझ्याकडे वजन नाही. आमच्या खात्याकडेही नसेल.

आता तुमच्याविषयी. तुमच्याही फोनवर आज घरून एक लांबलचक निरोप आला असेल आणि तुम्ही उत्तरही दिले असेल, कारण तुमच्यावर संस्कार चांगले आहेत. त्यात आमची काहीच हरकत नाही. फक्त पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा दार जरा हळू वाजवा. आत कोणी झोपलेले असेल.