कोऱ्या जागेचे गुण

डॉक्टर कुलथ्यांना 'बरं आहे' हे उत्तर चालत नसे. पहिल्या दिवशी चहा देताना माझ्या बायकोनं सहज विचारलं, "प्रवास कसा झाला?" तर म्हणाले, "दोन." शून्य म्हणजे काही त्रास नाही, तीन म्हणजे फार. बायको आत येऊन मला म्हणाली, "हे मनाचे डॉक्टर आहेत ना? आधी यांनाच कुणाला तरी दाखवा."

आम्ही इंदापूरला. गावात केबल टीव्ही नुकताच आला होता, त्या वर्षांतली गोष्ट. डॉक्टर दर रविवारी बारामतीहून एस.टी.नं येत आणि आमच्या पुढच्या खोलीत पेशंट तपासत. सोबत वीस प्रश्नांचा छापील कागद असे. झोप, भूक, रडू, धास्ती. पेशंटनं प्रत्येकाला स्वतःच आकडा द्यायचा. वाचता येत नाही त्यांना मी वाचून दाखवायचं आणि शेवटी बेरीज करायची. मी गणिताचा मास्तर, रविवारी मोकळा. नातेवाईक मात्र खोलीबाहेर, ही सक्त अट. "मास्तर, दुखणं ज्याचं, आकडा त्याचा."

मला ते थोतांड वाटे. दुःखाला गुण द्यायचे, तर मग नापास कुणाला करायचं? एकदा तसं म्हणालोही. डॉक्टर पेन्सिलीला टोक काढत राहिले. "आपल्याकडचा माणूस गळ्यापर्यंत बुडाला तरी काठावरच्याला 'बरं हाय' म्हणतो. आकडा विचारला की क्षणभर थांबतो. मला तो क्षण हवा असतो."

एका बाजाराच्या रविवारी खोली तुडुंब भरली होती. भिगवण रस्त्यावरच्या डाळजची शालन दुसऱ्यांदा आली. विशीतली पोर, पदर ओढून बसलेली. सोबत सासू हिराबाई. बाहेर रणरणतं ऊन, म्हणून मी म्हातारीला आतच बसू दिलं. मी प्रश्न वाचायचा, उत्तर सासूचं.

"झोप लागते का?"

"लागती की! उठवावं लागतंय."

सतराव्या प्रश्नाशी आलो. जगणं नको वाटतं का? शालननं मान वर केली, ओठ हलले.

"ह्ये काय इचारनं झालं व्हय, मास्तर? फुडचं घ्या," हिराबाई म्हणाली.

मी पुढचं घेतलं. बेरीज मागच्या वेळेपेक्षा कमी आली. गर्दीत डॉक्टरांनी फक्त बेरीज पाहिली आणि महिन्याच्या गोळ्या देऊन टाकल्या.

तासाभरानं चहा घेता घेता ते कागद चाळू लागले आणि थांबले. "मास्तर, सतरावा कोरा का?"

"उत्तर दिलं नाही तिनं. शून्य धरला."

शाळेत सोडलेल्या प्रश्नाला शून्यच मिळतं. पंचवीस वर्षं मी तेच करत आलो होतो. पण या कागदावर शून्याचा अर्थ 'हिला जगावंसं वाटतं' असा होता, आणि तो मी माझ्या हातानं लिहिला होता. डॉक्टरांनी कपबशी खाली ठेवली.

"स्कूटर काढा. महिन्याच्या गोळ्या आहेत तिच्याजवळ."

बाजारातून स्कूटर पुढं सरकेना. कांद्याची पोती, शेरडं, हातगाड्या. मागं डॉक्टर माझा खांदा आवळत होते. स्टँडवर भिगवणची गाडी फाटकातून बाहेर पडत होती. डॉक्टर उतरले आणि सरळ तिच्यासमोर उभे राहिले.

"ओ म्हातारबा, मरायचंय का?" कंडक्टर ओरडला.

"मला नाही," डॉक्टर म्हणाले. "दार उघडा."

भरल्या गाडीत तो प्रश्न कसा विचारणार? शब्दाला काटेकोर असणारा हा माणूस चक्क खोटं बोलला. "मावशी, गोळ्या चुकून दुसऱ्याच दिल्यात. खाली या दोघी."

हिराबाई डॉक्टरला, गाडीला आणि मला शिव्या घालत उतरली. मी तिला चहाला नेलं. डॉक्टर शालनजवळ बाकावर बसले. कागद घरीच राहिला होता. डॉक्टरांनी घाई केली नाही. मग तिनं तोंडाला पदर लावला आणि ती बोलायला लागली. दोन गाड्या गेल्या, ती बोलतच होती.

हिराबाईनं चहा तसाच ठेवला. "लगीन झाल्यापून माज्याशी येवढं बोलली न्हाय वो ती," ती हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी गोळ्या परत घेतल्या. आठवड्यापुरत्या हिराबाईच्या हातात दिल्या. "रोजची रोज तुम्ही द्यायची. आणि तिला एकटं सोडायचं नाही." मी काहीतरी माफीचं बोलू लागलो, तर म्हणाले, "बेरीज तुमची, मास्तर. पण फक्त बेरीज बघणारा मी."

पुढं वर्षभर ते बारामतीहून भिगवणच्या लांबच्या रस्त्यानं येत आणि वाटेत डाळजला उतरत. शालन सावरत गेली. ती उन्हाळ्यात शेवया करू लागली तरी यांचं उतरणं चालूच होतं. एकदा मी म्हणालो, "आता तिला काय विचारता तिथं?"

"मी काहीच विचारत नाही," ते म्हणाले. "हिराबाई विचारते, 'डाक्टर, जेवला का?' बारामतीत मला हे विचारणारं कुणी नाही."

"मग काय सांगता?"

"खरं सांगतो."