महाराजांच्या पेशी

एका जंगलात, बाळांनो, एक सिंह राज्य करत होता. सिंह राज्य करतात, त्यात नवल नाही. हा सिंह म्हातारा झाला होता आणि ते त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. त्यातही नवल नाही. नवल पुढे आहे. नीट मांडी घालून बसा.

या सिंहाचं नाव रणकेसर महाराज. महाराजांची आयाळ विरळ झाली होती, दोन दात हलत होते आणि सकाळी उठताना कंबर धरायची. पण त्यांची शिकार कधी चुकत नसे. कारण दरबाराने तशी सोयच केली होती. महाराज शिकारीला निघाले की वाटेत एका हरणाने उभं राहायचं आणि पळायचं नाही. हरणांमध्ये पाळ्या लावलेल्या होत्या.

एके सकाळी हरीण उभं होतं. महाराजांनी झेप घेतली आणि ते हरणाच्या पलीकडे, करवंदीच्या जाळीत जाऊन पडले.

हरणाला घाम फुटला. "महाराज, माफ करा," ते म्हणालं. "मीच हललो असेन."

 महाराज जाळीतून बाहेर आले, तळ्यावर गेले आणि पाण्यात स्वतःचं तोंड बराच वेळ पाहत बसले. मग त्यांना भीती वाटली. भीती राजालाही वाटते, बाळांनो. फरक एवढाच की राजाला वाटली की तिचं फर्मान होतं.

फर्मान निघालं: म्हातारपण थांबवा.

त्या जंगलाच्या कडेला, जांभळाच्या झाडाखाली, डॉक्टर विदुलाबाई राहत. त्या साळिंदर होत्या. त्यांच्या आईचे गुडघे इतके दुखत की तिला बिळाच्या तोंडाशी येऊन ऊनही खाता येत नसे. म्हणून विदुलाबाईंनी सगळं आयुष्य एकाच प्रश्नाला दिलं होतं. शरीर म्हातारं का होतं? त्या प्रयोग उंदरांवर करत. त्या जंगलात कुठल्याही औषधाचा गुण आधी उंदरांना येई आणि बहुतेक वेळा तिथेच संपे. त्यामुळे उंदीर फार धट्टेकट्टे होते.

विदुलाबाईंना दरबारात बोलावलं गेलं.

"महाराज," त्या म्हणाल्या, "शरीर म्हणजे लहान लहान पेशींची वस्ती. पेशी काम करतात, थकतात आणि जातात. त्यांच्या जागी नव्या येतात. पण काही पेशी म्हाताऱ्या झाल्या तरी जात नाहीत. काम करत नाहीत आणि जागाही सोडत नाहीत. नुसत्या बसून राहतात आणि शेजारच्या चांगल्या पेशींना नासवतात. अशा पेशी साठत गेल्या की सगळं शरीर म्हातारं होतं."

 दरबारातलं म्हातारं अस्वल झाडाच्या शेंड्याकडे पाहू लागलं. हसमुखराव नावाचे एक तरस तिथे प्रधान होते. ते एरवी कशालाही हसत. तेही हसले नाहीत.

"काय हा निर्लज्जपणा!" महाराज गरजले. "काम करायचं नाही आणि जागाही अडवून बसायची? हाकलून द्या त्यांना!"

बोलणं पेशींबद्दलच चाललंय हे दरबाराच्या लक्षात आलं आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "हाकला, हाकला!" ते एका सुरात म्हणाले.

"डोंगरावर एक मुळी मिळते," विदुलाबाई म्हणाल्या. "तिच्या काढ्याने त्या पेशी निघून जातात. पण महाराज, हा काढा कायम जगण्यासाठी नाही. शेवटची वर्षं दुखण्यात जाऊ नयेत, एवढ्यासाठी आहे. आणि तो सगळ्यांसाठी आहे."

"अर्थात सगळ्यांसाठी," महाराज म्हणाले. "सुरुवात आमच्यापासून."

आणि बाळांनो, काढा खरंच लागू पडला. कंबर सरळ झाली, दात घट्ट बसले, आयाळ दाट झाली. महाराजांना आता पळती शिकार हवी झाली, म्हणून पाळीवर उभं राहिलेल्या हरणाला खरोखर पळावं लागलं आणि सवय मोडल्यामुळे त्याला ते जमलं नाही. एवढा एक अपघात सोडला तर सगळं जंगल आनंदात होतं.

फक्त मुळी थोडी होती. ती कुणाला द्यायची हे ठरवायला हसमुखरावांनी एक समिती नेमली. ज्यांच्यावाचून जंगल चालणार नाही त्यांनाच द्यावी, असं समितीने ठरवलं. मग जंगल कुणावाचून चालणार नाही याचा तिने अभ्यास केला आणि ते समितीवाचून चालणार नाही असं तिला आढळलं.

विदुलाबाई हसमुखरावांकडे गेल्या. "माझ्या आईसाठी एक घोट हवा होता."

"आईंकडे कुठलं खातं आहे?"

"कुठलंच नाही. ती माझी आई आहे."

"बघू," हसमुखराव म्हणाले.

ते बघत असतानाच थंडी आली आणि त्या थंडीत आई गेली. विदुलाबाई पुन्हा जांभळाखाली जाऊन कामाला लागल्या. दुसरं काय करणार?

आता युवराजांबद्दल सांगतो. महाराजांना एकुलता एक मुलगा होता, उदयकेसर. अंगाने भरलेला आणि मनाने सरळ. पाऊस सरला की त्याला गादीवर बसवायचं, असा शब्द महाराजांनी दिलेला होता. वडील बरे झाल्याचा सगळ्यात जास्त आनंद त्यालाच झाला. दोघांनी नदीकाठाने शर्यत लावली. महाराज जिंकले.

"बाळराजे," महाराज म्हणाले, "आता गादीची काय घाई आहे?"

"काहीच नाही, आबासाहेब," उदयकेसर म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

पाऊस सरला. पुढच्या वर्षीचाही सरला. मग तो किती वेळा सरला हे मोजायचं सगळ्यांनी सोडून दिलं.

उदयकेसरचं लग्न मंजिरी नावाच्या सिंहिणीशी ठरलं होतं. गादी मिळाली की लग्न करायचं होतं. मंजिरीच्या माहेरी कुणी पाहुणा आला की विचारायचा, "मुलगा काय करतो?" तिचे वडील सांगायचे, "वाट पाहतो."

शेवटी मंजिरीच त्याच्याकडे आली. "उदय, चल माझ्याबरोबर. पलीकडच्या डोंगरात शिकार करून राहू. कशाला हवं राज्य?"

"आबासाहेब एकटे पडतील गं."

"त्यांच्याभोवती अख्खा दरबार आहे. एकटा तू आहेस."

उदयकेसर मान खाली घालून बसला. मंजिरी थोडा वेळ त्याच्या शेजारी बसली, मग उठून डोंगराकडे निघून गेली. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आणि त्यानेच मान वर केली नाही, म्हणून तिने पाहिलं असतं तरी त्याला कळलं नसतं.

इकडे डोंगरावरची मुळी संपली. समितीने ती मुळासकट खाल्ली होती, म्हणून ती पुन्हा उगवलीही नाही. एका सकाळी महाराजांच्या कानामागे एक पांढरा केस निघाला. दरबारात रडारड झाली. विदुलाबाईंना पुन्हा बोलावणं गेलं.

"दुसरा काही उपाय?" महाराजांनी विचारलं.

"नाही, महाराज. तरुण उंदराचं रक्त म्हाताऱ्या उंदराला दिलं तर त्याच्या पेशी थोड्या ताज्या होतात, असं दिसलंय. पण ते फक्त उंदरांत. शिवाय तरुण उंदीर त्याने खंगतो. हा उपाय मुळीच करू नये."

हसमुखरावांनी यातलं रक्ताचं वाक्य तेवढं ऐकलं. पुढची ऐकायची त्यांना गरज वाटली नाही.

"वा!" ते म्हणाले. "महाराज कधीपासून म्हणतायत की राज्यकारभारात तरुण रक्त यायला हवं."

महाराजांनी उदयकेसरकडे पाहिलं. सगळ्या दरबाराने पाहिलं.

"घ्या ना, आबासाहेब," उदयकेसर म्हणाला. त्याने आपला पंजा पुढे केला.

मग ते दर पौर्णिमेला होऊ लागलं. महाराजांचा पांढरा केस गेला. त्यांची डरकाळी तीन डोंगर ओलांडून ऐकू जाऊ लागली. उदयकेसरच्या बरगड्या दिसू लागल्या. चालताना तो मधेच थांबून झाडाला टेकायचा आणि कुणी पाहिलं तर झाड न्याहाळत असल्यासारखं करायचा.

विदुलाबाई धावत दरबारात गेल्या. "महाराज, थांबवा हे. मुलगा हातचा जाईल."

"त्याची तक्रार आहे का? त्यालाच विचारा."

विदुलाबाईंनी त्याला विचारलं. उदयकेसर उन्हात अंग आखडून बसला होता. त्याच्या आयाळीत पांढऱ्या बटा होत्या. "तक्रार नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "नुसती थंडी वाजते. आबासाहेब बरे आहेत ना?"

पुढच्या पौर्णिमेच्या आधीच तो गेला.

शेजारच्या जंगलातून एक वयस्कर हत्ती भेटायला आला. पांढऱ्या आयाळीचा सिंह जमिनीवर निजवला होता आणि काळ्याभोर आयाळीचा सिंह त्याच्या उशाशी बसला होता. हत्तीने बसलेल्या सिंहाच्या पाठीवर सोंड ठेवली.

"धीर धर, बाळ. वडील गेले की पोरकं वाटतंच. पण भरपूर जगले हो ते."

कुणीही त्याची चूक सुधारली नाही. महाराजांनीही नाही. ते रडले मात्र खरेखुरे. तरुण डोळ्यांनी रडले, त्यामुळे अश्रू पुष्कळ आले.

दुखवटा संपला आणि युवराजपदाची जागा रिकामी आहे हे जंगलाच्या लक्षात आलं. तरुण जनावरं सिंहासनाच्या खडकाखाली जमली. लांडगे होते, कोल्हे होते, रानडुकरं होती. कुणाला शिकारीची हद्द नव्हती, कुणाला बीळ नव्हतं. सगळ्या हद्दी समितीकडे होत्या आणि समिती ठणठणीत होती.

"तरुणांना संधी द्या!" ते ओरडले.

महाराज हेलावले. "खरं आहे," ते म्हणाले. "आम्हीही तरुण मुलगा गमावलाय. युवराज तरुणच हवा. जंगलात जो सगळ्यात तरुण असेल तोच युवराज होईल. आम्ही शब्द देतो."

तरुणांनी जयजयकार केला.

"पण तरुण म्हणजे कोण?" हसमुखरावांनी विचारलं. "जन्माचं वर्ष बघण्याची पद्धत जुनी झाली. आपलं राज्य विज्ञाननिष्ठ आहे. वय पेशींवरून ठरवा."

सगळ्यांना ते पटलं. विज्ञान म्हटल्यावर नाही म्हणायला कुणी धजत नाही. विदुलाबाईंनी एकेकाचा केस घेऊन तपासला. तेव्हा विचित्रच प्रकार दिसला. तरुण लांडग्यांच्या पेशी थकलेल्या होत्या. कोल्ह्यांच्या तर पार विटलेल्या. उपाशीपोटी धावणं आणि रोजची काळजी यांनी पेशी लवकर म्हाताऱ्या होतात, हे विदुलाबाईंना माहीत होतं. पण ते त्यांना कुणी विचारलं नाही.

"मग सगळ्यात तरुण पेशी कुणाच्या?" हसमुखरावांनी विचारलं.

 विदुलाबाईंच्या पाठीवरचे काटे उभे राहिले. पण त्यांनी आयुष्यात कधी खोटा निष्कर्ष सांगितला नव्हता.

"महाराजांच्या," त्या म्हणाल्या.

शब्द म्हणजे शब्द. रणकेसर महाराजांना थाटामाटात युवराज केलं गेलं. अस्वलाने तरुण नेतृत्वाचं स्वागत करणारं भाषण केलं. खाली जमलेल्या लांडग्यांनीही टाळ्या वाजवल्या, कारण मागणी मान्य झाली होती.

त्या जंगलात युवराजांनी सिंहासनाच्या खालच्या खडकावर बसायची पद्धत होती. रणकेसर तिथे जाऊन बसले. खडक थंडगार होता. वरचं सिंहासन रिकामं दिसत होतं. त्यावर छान ऊन पडलं होतं.

"प्रधान," रणकेसरांनी विचारलं, "ती वरची जागा आम्हाला कधी मिळणार?"

हसमुखराव अदबीने वाकले. "महाराज आहेत तोवर कशी मिळेल, युवराज?"

"आणि महाराज किती दिवस आहेत?"

"त्यांची प्रकृती उत्तम आहे."

 रणकेसरांच्या पायांतून थंडी वर चढत होती. ते त्या उन्हातल्या जागेकडे एकटक पाहत राहिले. आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं की महाराज जरा जास्तच जगले.

तात्पर्य : तरुणांना संधी मिळालीच पाहिजे. म्हणून ज्येष्ठांनी वेळीच तरुण व्हावे.