सासऱ्यांनी सत्ता सोडली

ताईकडे राहायला जाण्यात पंडितचा निव्वळ फायदा होता. दार लावता येईल अशी मागची खोली, वेळेवर चहा आणि घरभर शांतता. तत्त्वज्ञानातल्या पीएचडीचं शेवटचं प्रकरण सोमवारी दिलं नाही, तर शिष्यवृत्ती बंद होणार होती. विषय : उदारमतवाद्याने जुने ग्रंथ कसे वाचावेत. पंडित ते चुका काढत वाचत असे.

घरातली शांतता ताईच्या सासऱ्यांची होती. ते निवृत्त कवायत शिक्षक. कोणी कधी उठायचं, टीव्ही केव्हा बंद व्हायचा, सगळं त्यांच्या शब्दावर चाले. पण गप्प जेवेल तर तो पंडित कसला? त्याने ताटाशेजारी एक जुना ग्रंथ उघडला, ‘घरात ज्येष्ठाची आज्ञा अंतिम’ ही ओळ वाचली आणि भात निवेपर्यंत तिच्या चिंधड्या उडवल्या. प्रत्येक जण स्वतःचा मालक, असं सांगून ताईकडून आणखी भात वाढून घेतला.

"पटलं," सासरे म्हणाले. "उद्यापासून ज्याचं त्यानं बघावं."

सकाळी चहा करायला ताई उठलीच नाही. भावोजींनी मागच्या खोलीत बिघडलेलं वॉशिंग मशीन उघडून पसरलं. भाचीने तिथेच ड्रम आणून ठेवला; आवाज छान घुमतो म्हणे.

"मामा, कोणी कोणाला अडवायचं नाही, तूच म्हणालास ना?"

युक्तिवाद बिनचूक होता. पंडितचाच होता.

शनिवारी तो ग्रंथ घेऊन सासऱ्यांपुढे बसला. लेखकाला त्याच्या काळात समजून घ्यायला हवं, आज्ञा म्हणजे जुलूम नव्हे, घराचं ओझं एकाने उचललं म्हणून बाकीचे निवांत असतात, असं बरंच सांगितलं. सासरे पाय पसरून टीव्हीवर कुस्ती बघत होते.

"खरंय रे. जन्मभर वाहिलं ते ओझं," ते म्हणाले. "आता सुटलोय. परत जुंपतोस? सक्तीनं?"

सक्तीविरुद्ध पंडितने अख्खं दुसरं प्रकरण लिहिलं होतं.

शेवटी तो जिन्यात बसला आणि सासऱ्यांना जे पटवता आलं नाही, ते सगळं कागदावर उतरवून सोमवारी देऊन टाकलं. दोन दिवसांनी गाईडबाईंचा फोन आला.

"जुन्या लेखकाला पहिल्यांदाच मनापासून वाचलंस. शिष्यवृत्ती चालू राहील. फक्त आता आधीची चारही प्रकरणं चुकीची ठरतात, तेवढी नव्याने लिही."

हिशेब असा झाला : ताईला झोप मिळाली, भाचीला खोली, सासऱ्यांना कुस्ती आणि कधीच मरून गेलेल्या ग्रंथकाराला एक तळमळीचा वकील. फी तेवढी वकिलालाच भरावी लागली.