रुद्राजीराव सरदार दोरीच्या शाळेत गेले त्याची हकिगत

श्री. जी बुद्धी गाठ बांधते आणि जी बुद्धी गाठ सोडते, त्या दोहींस दंडवत. शके १९४५, शोभन नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी एके राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे जे. राज्यात काही जाणती जोडपी होती. त्यांस एकांती एकाने बांधावे आणि दुसऱ्याने बांधून घ्यावे, एकाने हुकूम करावा आणि दुसऱ्याने मानावा, यात सुख वाटे, आणि हे सर्व उभयतांचे राजीखुशीने. लोक बहुत बोलत. कोणी म्हणे चळ लागला, कोणी म्हणे करणी. आम्ही म्हटले, ऐकीव गोष्टीस काय धरावे, डोळ्यांनी पाहावे. खोटे कशास बोला, स्वभावच चौकस. शेजारी कोणती भाजी शिजली हेही आम्हांस विचारल्यावाचून राहवत नाही.

मग उस्ताद भागूबाई यांचे शाळेत गेलो. बाई पूर्वी दोरीचा मल्लखांब शिकवीत, आता जोडप्यांस बांधण्याची विद्या शिकवितात. दारी वय विचारिले आणि मोबाइल ठेवून घेतले, आणि बजाविले की, विचारिल्यावाचून कोणास बोट लावाल तर बाहेरची वाट दाखवू. आमच्या मनी होते की आत अंधार, मशाली, किंकाळ्या असतील. पाहतो तो सतरंज्या, पंखे, ताकाचे पिंप आणि तेल चोळून मऊ केलेल्या अंबाडीच्या दोऱ्या. थोडा हिरमोडच जाहला.

तेथे घोडदळाचे सरदार रुद्राजीराव आणि त्यांचे कुटुंब अंबूबाई आली होती. बाईंस लग्नापासून बांधून घेण्याची हौस, परंतु सांगण्याचा धीर होईना. त्या वर्षी सांगितले आणि रावांनी हसण्यावारी न नेता मान्य केले. तरी बाईंचे पोटी भय होते. राव रणात थांबले ठाऊक नाही आणि जिलबीच्या पंगतीतही नाही. आपण पुरे म्हटले आणि हे न थांबले तर? म्हणोन बाईंनी साफ सांगितले होते की, शाळेत माझी खातरी पटली तर बरे, नाहीतर ही हौस जन्मभर पोटात ठेवीन, पुन्हा नाव काढणार नाही.

भागूबाईंनी प्रथम दोरीखाली दोन बोटे कैसी जावी ते दाखविले, आणि मग नख दाबून रंग परत येतो की नाही ते पाहणे, आणि मग बोथट टोकाची कात्री सदा हाताशी ठेवणे. मग प्रत्येक जोडीने एक शब्द ठरवावा, तो उच्चारिताच सर्व काही बंद. आम्ही पुसले, थांबा म्हटले तर काय वाईट? भागूबाई बोलिल्या, खेळात माणूस लटकेच थांबा म्हणतो, म्हणोन जो शब्द खेळात येणार नाही तोच घ्यावा. अंबूबाईंनी दोडका ठरविला. रावांस दोडक्याचे वावडे, मंडळी हसली.

शाळेचा रिवाज ऐसा की, ज्यास बांधणे असेल त्याने आधी बांधून घ्यावे. राव बसले आणि अंबूबाईंनी हात मागे घेऊन बांधिले. बाई नवशिक्या, वेढा आवळला. बाईंनी पुसले, बोटे कैसी आहेत? राव बोलिले, उत्तम. वास्तविक हातास मुंग्या येऊन बोटे बधिर जाहली होती, परंतु सरदाराने भरल्या सभेत दोडका म्हणावे कैसे! भागूबाईंनी नख दाबिले, ते पांढरेच राहिले. मग कात्रीने दोरी कापून काढिली आणि हात चोळून ऊब आणिली.

अंबूबाईंचे डोळे भरले. हळूच बोलिल्या, "तुम्हांला स्वतःसाठी थांबा म्हणवत नाही, तर माझं थांबा तुम्हांला कसं ऐकू येईल?"

आम्हांस वाटले आता पागोटे उचलून चालते होतात. तो राव पुन्हा सतरंजीवर बसले, हात मागे केले आणि बोलिले, बांधा. अंबूबाईंनी पहिलाच वेढा घातला, सैल, दोन काय चार बोटे जातील ऐसा. आणि राव बोलिले, "दोडका." बाईंनी तत्क्षणी दोरी टाकिली. भागूबाईंनी पुसले, कोठे दुखले? राव बोलिले, "दुखले काही नाही. भय वाटले."

सभेत कोणी हसले नाही. आम्हीही नाही, आणि आम्ही मयताच्या घरीही हसलेले आहो. अंबूबाईंनी पडलेली दोरी उचलून रावांचे हाती दिली, पाठ करून बसल्या आणि आपले हात मागे केले.

ऐसी ही हकिगत, जैसी दिसली तैसी लिहिली, पदरचे काही घातले नाही. राव त्या दिवशी एकच गाठ शिकले आणि तीही नीट बसली नाही. अंबूबाई घरी जाताना वाटभर हसत होत्या.