तीन घंट्या आणि हात लावू नये

कोणतंही दशक संपल्याशिवाय चांगलं होत नाही. चालू असतं तोवर त्यात रांगा असतात, ढेकूण असतात, साहेब असतात. संपून तीसेक वर्षं झाली की त्यातले ढेकूण आपोआप मरतात आणि उरतो तो सुवर्णकाळ. हे निसर्गाचं काम आहे, पण निसर्गावर विसंबून चालत नाही, म्हणून आमच्या गावच्या संग्रहालयानं 'दशक दालन समिती' नेमली. उद्देश एकच, तरुण पिढीला त्या दशकातलं रोजचं जगणं आणि मोठ्या घटना कळाव्यात. मी त्या समितीचा सचिव. (अध्यक्षही आहेत, पण ते फीत कापतात.)

पहिल्या बैठकीत मोठ्या घटनांची यादी झाली. सेहेचाळीस घटना निघाल्या. दालनाची खोली पंधरा बाय वीस. त्यामुळे ज्या घटनांना कोपरे नाहीत आणि ज्यांनी कुणाचं मन दुखत नाही, अशा तीन ठेवल्या: रंगीत टीव्ही आला, मोठा पूल झाला, आणि घड्याळाचा कारखाना बंद पडला. तिसऱ्या घटनेवर वाद झाला. नऊ हजार माणसं एका सकाळी घरी बसली होती. दालनाचा रंग फिकट गुलाबी ठरलेला, त्यात हे कसं बसवायचं? शेवटी मीच तोड काढली. कारखान्याचं एक घड्याळ भिंतीवर लावलं आणि खाली पाटी लिहिली: 'या काळात लोकांना भरपूर मोकळा वेळ मिळू लागला.' समितीनं बाकं वाजवली.

तरुणांसाठी करायचं तर तरुणांना विचारलं पाहिजे, म्हणून पाच जणांचं तरुण सल्लागार मंडळही नेमलं. चार जण गुणी निघाले, काही बोलले नाहीत. पाचवी चष्मेवाली. नववीतली पोरगी, पण तोंडाला कुलूप नाही. घड्याळाची पाटी वाचून म्हणाली, "मग पुढे त्या लोकांचं काय झालं?" आम्ही तो प्रश्न इतिवृत्तात 'विषयाबाहेरचा' म्हणून नोंदवला.

आता राहिलं रोजचं जगणं. त्या काळची बैठकीची खोली जशीच्या तशी उभी करायची होती. बाजारात खोटे जुने सोफे मिळतात, पण समितीला अस्सल हवं होतं, आणि अस्सल माल माझ्या मावशीकडे होता. तिच्या घरात त्या दशकानंतर काहीच आलेलं नाही. तोच उसवलेला सोफा, तोच लाकडी खोक्यातला टीव्ही, त्यावर तोच विणलेला रुमाल, आणि कोपऱ्यातल्या तिवईवर काळा, आकडे फिरवायचा फोन. नातेवाईक असला की काम सोपं होतं. परक्या माणसाला 'नाही' म्हणायला तोंड उघडतं, भाच्यापुढे उघडत नाही.

"सोफा ने, टीव्ही ने, मलाही ने हवं तर," मावशी म्हणाली. "फोन नाही द्यायची."

"अगं, फोनाशिवाय दशक कसलं?"

"त्याच्याकडे हाच नंबर आहे रे."

तो म्हणजे माझा धाकटा मामा. घड्याळाच्या कारखान्यात काटे बसवायचा. कारखाना बंद झाल्यावर तिसऱ्या महिन्यात कामाच्या शोधात गेला तो गेलाच. पत्ता कधी एक नव्हता त्याचा. पण त्या दशकात एक रीत होती, ती त्यानं सोडली नाही. गावाहून परत गेलेला माणूस पोहोचला की फोन लावायचा, तीन घंट्या होऊ द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. फोन उचलला नाही की पैसे पडत नसत. तीन घंट्या म्हणजे 'पोहोचलो, ठीक आहे'. आणि तीन होऊन थांबला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला तर मात्र उचलायचा, बोलायचं काहीतरी आहे. मामाचा फोन वर्षातून दोनदा वाजायचा. तीन घंट्या. मावशी पोळी लाटता लाटता थांबायची, बोटांवर मोजायची, म्हणायची, "ठीक आहे म्हणजे," आणि पुन्हा लाटायला लागायची. इतक्या वर्षांत तीननंतर पुन्हा घंटी फक्त दोनदा वाजली होती.

मी तिला शब्द दिला. नुसता शब्द नव्हे, करारात कलम घातलं. कलम सात: सदर क्रमांक सदर यंत्रावर दालनात अखंड चालू ठेवण्यात येईल. फोन कंपनीकडे तीन खेपा घालून मी ती जोडणी संग्रहालयात आणली. (हे काम कुणी केलं असतं सांगा.)

"आणि वाजला तर?" तिनं विचारलं.

"तू असशीलच की तिथे. दुपारी येऊन बस सोफ्यावर. तुझाच सोफा. तू नसलीस तर मी आहेच की."

मावशीनं सही केली. मी लहान होतो तेव्हा माझ्या प्रगतिपुस्तकावर करायची, तशीच, पूर्ण नाव.

दालन उघडलं आणि पहिल्याच आठवड्यात एक अडचण उभी राहिली. ते दशक ज्यांनी पाहिलं होतं, ती माणसंही बघायला येऊ लागली. सात दिवसांत पन्नाशीपुढचे एकशे बारा प्रेक्षक आले. त्यांपैकी एकशे नऊ जण पाट्या वाचून मोठ्यानं म्हणाले, "असं नव्हतं हो!" दोघं घड्याळासमोर रडले. एक जण सोफ्यावर झोपला (यांचं वर्तन आदर्श होतं). उचलली जीभ लावली टाळ्याला! आम्ही दोन वर्षं खपून इतिहास उभा करायचा, आणि यांनी येऊन नुसत्या आठवणीच्या जोरावर तो पाडायचा. शाळेच्या मुलांचा गोंधळ होऊ लागला. पाटी खरी की आजोबा खरे?

समितीनं एकमतानं नियम केला: ज्यांनी सदर दशक प्रत्यक्ष अनुभवले आहे, त्यांना दालनात प्रवेश नाही. पदाधिकाऱ्यांना सूट. (पदाधिकाऱ्यांना काही आठवत नाही, असं गृहीत धरलं जातं.) त्याच बैठकीत दुसरा नियम झाला, वस्तूंना कुणीही, कोणत्याही कारणास्तव हात लावू नये. दोन्ही पाट्यांवर सही माझी. अक्षरं इतकी मोठी काढली की नाकापेक्षा मोती जड झाला, पण दिसायला हवीत ना.

मावशीला मी बाहेर तिकीट खिडकीशेजारी बाक दिला. ती भांडली नाही. फक्त म्हणाली, "इथनं ऐकू येतं का रे?" मी म्हटलं, येतं. येत नव्हतं. मधे दोन भिंती आणि एक काचेचं दार आहे. ती रोज दोनला यायची, पाचला जायची, जाताना रखवालदाराला विचारायची, "आज काही वाजलं?" तो म्हणायचा, "नाही आजी."

एका मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी आत शाळेची सहल होती. चाळीस मुलं, दोन बाई आणि मुलांना माहिती सांगायला चष्मेवाली. मी रंगीत टीव्हीचं महत्त्व समजावत होतो. तेवढ्यात फोन वाजला.

एक. दोन. तीन. थांबला.

माझा जीव भांड्यात पडला. ठीक आहे म्हणजे. बाहेर जाऊन मावशीला सांगावं म्हणून मी वळलो, आणि तो पुन्हा वाजायला लागला.

मुलं खूष झाली, दोरीला रेटून उभी राहिली. कुणी चित्रण करू लागलं. रखवालदार माझ्याकडे बघत होता. दोरी गुडघ्याएवढी आहे, ओलांडायला अर्धं पाऊल लागतं. पण समोर पाटी होती, पाटीखाली माझी सही होती, आणि चाळीस मुलांनी ती नुकतीच माझ्याच सांगण्यावरून मोठ्यानं वाचली होती.

"काका, उचला ना," चष्मेवाली म्हणाली. "खरंच कुणीतरी करतंय."

"हे प्रात्यक्षिक आहे," मी म्हणालो.

ती दोरीवरून वाकली. मी तिचा हात धरला. हो, मीच धरला. फोन एकोणीस वेळा वाजला. मोजणं माझ्या रक्तात आहे. मग थांबला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर मावशी बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर. "आज काही?"

"नाही मावशी," मी म्हटलं. "काही नाही." तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून तिकीट खिडकीकडे बघून म्हटलं.

त्यानंतर तो फोन वाजलेला नाही. पण अभिप्राय वहीत त्या दिवशीच्या चाळीस मुलांपैकी अडतीस जणांनी 'फोनची घंटी' हा सर्वोत्तम भाग ठरवला. समितीनं दखल घेतली. आता ती घंटी रेकॉर्ड करून दर अर्ध्या तासाला वाजवतात, आणि रस्त्यावरची गर्दी आत वळावी म्हणून कर्णा बाहेर, तिकीट खिडकीवर लावला आहे. एकोणीस घंट्यांनी डोकं उठतं, म्हणून तीनच ठेवल्या.

मावशी अजून येते. पहिल्या दिवशी ती धडपडत उठली, काचेच्या दारापर्यंत गेली. रखवालदारानं सांगितलं, "रेकॉर्ड आहे आजी." ती परत येऊन बसली. आता उठत नाही. पण कर्णा वाजला की पदराखाली बोटं हलतात, एक, दोन, तीन. तोंडातल्या तोंडात काय म्हणते, ते मला ठाऊक आहे. हिशेबानं पाहिलं तर पूर्वी तिचा भाऊ वर्षातून दोनदा ठीक असायचा. आता दिवसातून सोळा वेळा असतो. हे समितीचं यश आहे, आणि वार्षिक अहवालात मी ते तसंच लिहिलं आहे. त्या रात्री मी जेवलो नाही, पण अहवालात त्याला रकाना नाही.

तुम्ही आता मला नावं ठेवणार. अर्धं पाऊल उचलवलं नाही मेल्याला, म्हणाल. म्हणा. पण मघाशी, हे वाचत असताना, तुमचाही फोन वाजला होता. तुम्ही नाव पाहिलंत, 'करू सावकाश' म्हणालात, तो पालथा ठेवलात आणि पुढचा परिच्छेद वाचलात. हात न लावण्याची ही शिस्त आजकाल दुर्मीळ आहे. चष्मेवालीनं राजीनामा दिल्यापासून समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज करा.