गजभिये सरांचे तीन प्रश्न

गजभिये सरांसमोर कोणत्याही कागदावर सही करू नका. करायचीच असेल तर घरून जेवून निघा.

आमच्या गल्लीत गॅसचं सिलिंडर आणणारा लखन एकदा त्यांच्या तावडीत सापडला. "सर, यहाँ साइन," म्हणून त्यानं पावती पुढे केली. सरांनी चष्मा लावला, पावती वाचली, मागची बारीक छपाईही वाचली. मग लखनलाच विचारलं की वजन करून घेणं हा माझा हक्क आहे असं इथं लिहिलंय, तर तुझा काटा कुठे आहे? काटा आणायला म्हणून जो गेला, तो पुन्हा त्या फाटकाशी फिरकला नाही. तेव्हापासून सरांचं सिलिंडर माझ्या अंगणात उतरतं आणि सही मी करते. न वाचता. सरांना सांगू नका.

मी उषा, त्यांची शेजारीण. ते ज्या सरकारी शाळेत गणित शिकवायचे, तिथंच मी हिंदी शिकवते. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि डोकं फिरलं की दोन्ही, अशी मध्य प्रदेशातल्या आम्हा बालाघाटवाल्यांची रीत. सरांची बायको शकुन माझी जिवाची मैत्रीण. ती ऑपरेशनला म्हणून गेली ती परत आलीच नाही, त्याला आता बारा वर्षं झाली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेले पाहुणे परतले आणि आठच दिवसांत या गृहस्थानं विद्यापीठाचा फॉर्म आणला. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला भयंकर राग आला होता. बायकोची राख थंड झाली नाही आणि याला एम.फिल. सुचतंय!

ते पहिलं संशोधन गणितातलं, संभाव्यतेवर. त्या काळात त्यांच्यापुढे 'कदाचित' म्हणायची सोय नव्हती. आमच्याकडचं दही क्वचित आंबट निघतं, एवढंच मी म्हटलं, तर म्हणे शंभरात किती वेळा? मी वाटी परत घेऊन आले.

दुसरं शिक्षणशास्त्रातलं. 'समजलं का?' विचारल्यावर न समजलेली मुलंही 'हौ सर' का म्हणतात, हा विषय. हे वर्गात मागे बसून माना मोजायचे. एकदा हेडमास्तरांनी मीटिंगमध्ये नवा आदेश वाचला आणि "समझ गए ना?" विचारलं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. सर उभे राहिले आणि म्हणाले, एकेकानं आपल्या शब्दांत सांगा. कुणालाच सांगता येईना, हेडमास्तरांनाही नाही. किरनापूरच्या तीन मॅडमची बस गेली ती गेलीच.

मग रिटायर झाले. आता तरी स्वस्थ बसतील असं वाटलं, तर नातवंडं शोभतील अशा पोरांच्या बाकावर बसून वकिली शिकले. नंतर एलएल.एम. आणि त्यावर हे तिसरं संशोधन, वैद्यकीय कायद्यातलं. ऑपरेशनआधी जो संमतीचा कागद पुढे करतात, तो सही करणाऱ्याला कळतो का? स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे, सर को डिग्री का चस्का लग गया है. मीही म्हणायची. प्रबंध हिंदीत, आणि सरांची हिंदी म्हणजे टोपी घातलेली मराठीच. त्यामुळे टायपिंग आणि दुरुस्ती माझ्या गळ्यात पडली.

त्यांची रीत साधी. गावात जायचं, कागद वाचून दाखवायचा आणि तीन प्रश्न विचारायचे. काय करणार आहेत? काय बिघडू शकतं? तुम्हाला थांबून विचारता आलं असतं का? नुसतं 'हौ' चालत नाही, आपल्या शब्दांत सांगायचं.

किरनापूरकडच्या एका गावात हे ऑपरेशनचे छापील कागद घेऊन झाडाखाली बसले. अर्ध्या तासात बातमी फिरली की नसबंदीवाले आले. गावातले झाडून सगळे बाप्ये शेतांत पसार! हे हटले नाहीत. संध्याकाळपर्यंत हापशीजवळ बसून राहिले आणि पाण्याला आलेल्या बायकांची उत्तरं लिहून आणली. जबलपूरच्या गाईडनी विचारलं, इसमें पुरुष कहाँ हैं? सरांनी उत्तर दिलं, भाग गए. तेच त्यांनी प्रबंधातही लिहिलं होतं, मी खोडलं.

तिरोडीच्या एका म्हातारीनं तर यांनाच धरलं. मला विचारतोस, तर आधी तूच समजावून दे म्हणाली. दोन तास समजावलं. परत आले ते इतके खुशीत, की त्या दिवशी माझ्या दह्याला नावं ठेवली नाहीत.

एवढं सगळं झालं आणि गाडी एका पानावर अडली. हा विषय का निवडला, ते सुरुवातीला एका पानात लिहा, असं गाईडनी कळवलं. सोमवार शेवटचा दिवस. ते पान नसेल तर प्रबंध घेणार नाहीत. सर म्हणाले, संशोधनात घरच्या गोष्टी नाही आणत. मी कडकडून भांडले. म्हटलं, बारा वर्षं पुस्तकांत डोकं घातलं, आता एका पानासाठी सगळं मातीत घालता काय? ते उठून निघून गेले.

रविवारी सकाळी आले. खुर्चीवर बसून खिशातून एक झेरॉक्स काढली. दवाखान्यात अर्जावर अर्ज देऊन मिळवलेली. शकुनच्या ऑपरेशनचा संमतीचा कागद, खाली सरांची सही.

"उषाबाई, मले लिवता येऊन नाई राह्यलं. तुमी विचारा, मी सांगतो."

मी वही घेतली. काय करणार होते?

"पोटाचं ऑपरेशन. बाकी नोतं माहीत."

काय बिघडू शकत होतं?

"लिवलं होतं त्याच्यात. डॉक्टरची काही चूक नोती. थेच झालं जे लिवलं होतं. क्वचित होते, असं लिवलं होतं. म्या वाचलंच नाई धड."

तिसरा प्रश्न मला विचारवेना. त्यांनी स्वतःच विचारला आणि स्वतःच उत्तर दिलं.

"विचारता आलं असतं. पण गणिताचा मास्तर मी, समजलं नाई म्हणाची लाज वाटली. शकुननं विचारलं होतं मले, अवो, काय लिवलं आहे त्याच्यात? म्या म्हटलं, काही नाई, रोजचंच आहे. थे माह्या भरोशावर आत गेली."

मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. या माणसाला माझ्या शकुनची आठवणच नाही, असं बारा वर्षं मी गावभर सांगत होते.

"याची हिंदी करून द्या," सर म्हणाले.

मी नाही केली. त्यांचा शब्द न् शब्द तसाच टाइप केला आणि वर शकुनचं नाव टाकलं. गाईडनी काही विचारलं तर मला फोन लावून द्या म्हटलं, मी बोलते त्यांच्याशी.